फणस विनातिकीट

तिकीट वाचून आपोआप उघडणारे दार पेडणे स्टेशनावर नाही. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली; आजही प्रवासी, त्याला पोचवायला आलेले घरदार आणि एखादा कुत्रा एकाच वाटेने फलाटावर जातात. विनातिकीट सापडल्यास भाड्यावर किमान 250 रुपये दंड, एवढाच अडसर. डिचोलीकर गाडी धरायला थिवीला येतो. त्यालाही दाराची सवय नसते. भगवतीच्या देवळापुढचे दोन हत्ती पेडण्यात पाहण्याजोगे आहेत आणि तेही तिकीट विचारत नाहीत.

दाराशी गाठ पडते ती मुंबईत, मेट्रोच्या स्टेशनावर. तिथली पहिली मेट्रो 2014 सालची. तिकिटावरचा क्यूआर कोड काचेवर धरला की झडपा बाजूला होतात. मधल्या बोळात सेन्सर असतात. वाटेत माणूस असताना झडपा मिटू द्यायच्या नाहीत आणि एका तिकिटावर दोघांना घुसू द्यायचे नाही, ही दोन्ही कामे त्यांच्याकडेच. पहिल्या कामात माया आहे, दुसऱ्यात संशय. घोटाळा तिथेच होतो.

प्रस्तुत प्रवाशाचा घेर असा, की तो रिकाम्या हाताने आला तरी दार क्षणभर विचारात पडावे. त्यात पिशवीत पेडण्याचा फणस. पिशवी मागून येत होती. प्रवासी पलीकडे पोचला, फणस अलीकडे राहिला आणि झडपा पिशवीच्या बंदांवर मिटल्या. लाल दिवा, पीं-पीं. यंत्राच्या मते फणस विनातिकीट होता. रांगेच्या मते प्रवासी बिनडोक. कोणी म्हणे ओढा, कोणी म्हणे ढकला. एका आजोबांनी कापा की बरका, तेवढे विचारून घेतले. आग लागली तर सगळी दारे एकदम उघडण्याची सोय असते, पण फणस आणीबाणीत मोडत नाही. अखेर रक्षकाने आपले कार्ड लावले.

म्हणून सामान पुढे धरावे. मूलही पुढेच: 90 सेंटिमीटरच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही, झडप मात्र लागू शकते.

रांगेच्या टोकाला एक रुंद दार असते, व्हीलचेअरसाठी. खोळंबलेल्या गर्दीच्या बाजूने व्हीलचेअरवरची एक मुलगी त्यातून निघून गेली. फलाट आणि डब्याची फरशी एका पातळीत, त्यामुळे डब्यातही तीच गेली. कोणाला हात लावावा लागला नाही. थिवीला दार नाही म्हणून वाट मोकळी वाटते, पण गाडी आली की डब्याच्या पायऱ्या समोर येतात. तिथे त्याच खुर्चीला उचलायला चौघे लागतील, आणि ते गाडी सुटायच्या आत मिळायला हवेत. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 सालचा आहे. पायऱ्यांना तो अजून कोणी वाचून दाखवलेला नाही.