घरी बसा, डोंगरावर चढा

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे सरकारनं फर्मावलं, मुलांनी घरी बसावं. आंबेगाव तालुक्यातल्या तळेघरच्या पोरांना ते जमलं नाही. आणि त्यांना घराबाहेर काढलं ते खुद्द शिक्षण खात्यानंच. एप्रिलमध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असा उपक्रम निघाला. शिक्षण आहे, हे कळलं. कुठं आहे, ते विचारायला रेंज लागत होती आणि रेंज टेपाडावर होती.

मग वर्ग तिथंच भरला. पावसात डोक्यावर इरलं, इरल्याखाली बापाचा मोबाइल आणि मोबाइलभोवती वेगवेगळ्या इयत्तांतली भावंडं. पुण्यातली पोरं व्हिडिओ बंद करून झोपत होती. इथली व्हिडिओ सुरू व्हायची वाट बघत ताटकळत होती. बाप बाजाराला घोडेगावात गेला, की मोबाइलबरोबर शाळाही एसटीनं खाली गेली म्हणायची.

जूनच्या 3 तारखेला निसर्ग चक्रीवादळ आलं. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात त्यानं घरांचे पत्रे उडवले, हिरड्याची झाडं आडवी केली. घरीच सुरक्षित राहा, हा सल्ला तेव्हाही चालूच होता. पुढे पंचनाम्याला साहेब वाड्या-वस्त्यांवर चालत पोचले. म्हणजे वाट होती. शिक्षणालाच तेवढी सापडेना.

ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. कल्पना चांगली होती, खरंच चांगली. इथं मी टोमणा मारत नाही. फक्त जुलैत भीमाशंकरच्या अंगाला पाऊस असतो, म्हणून वीज नसते आणि आवणीचे दिवस असल्यानं घरात टीव्हीसमोर बसायला माणूसही नसतं. पोरं गुडघाभर चिखलात, दादाच्या मागोमाग रोपं लावत. शारीरिक शिक्षणाचे पूर्ण गुण द्यायला हरकत नव्हती.

आश्रमशाळेतल्या पोरांचा गोंधळ निराळाच. शिकायचं तर घर सोड, असं आपण त्यांना पिढ्यान्‌पिढ्या बजावत आलो. त्याच तोंडानं आता सांगितलं, शिकायचं तर घरी बस. एवढी उलटी कोलांटी व्यायामाच्या तासालाही कुणी शिकवली नसेल.

निकाल मात्र शंभर टक्के. एप्रिल 2021 मध्ये पहिली ते आठवीचे सगळे परीक्षेविना वरच्या वर्गात गेले. जून 2020 ला पहिलीत नाव घातलेलं पोर शाळेत प्रथम बसलं ते 1 डिसेंबर 2021 ला, खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले तेव्हा. आणि बसलं ते थेट दुसरीत! पहिलीचा वर्ग त्यानं खिडकीतून पाहिला असेल तेवढाच. गुरुजींनी फळ्यावर ‘ग’ काढला. पोरानं तो नीट न्याहाळला आणि कोयता म्हणून ओळखला.

गुरुजी ‘घ’पर्यंत पोचतात न पोचतात तोच 10 जानेवारी 2022 पासून शाळा पुन्हा बंद. पोर घरी आलं. आई म्हणाली, “बरं झालं बाबा, गुरांमागं कुणी नव्हतं.”