गिरिनायक

इंग्लंडातील शाळांना सुट्टी लागली आणि उत्तर वेल्समधील ऑग्वेनच्या खोऱ्यात हमरस्त्याच्या कडेला मोटारींची दाटी होऊ लागली, की त्यांपैकी एकीतून एक गृहस्थ, गळ्यात प्लास्टिकच्या लखोट्यातला नकाशा अडकवून आणि मुद्रेवर मुलूखगिरीस निघालेल्या सरदाराचे गांभीर्य धारण करून, खाली उतरतो; आणि त्याच्या मागोमाग त्याची फौज, म्हणजे एक सोशिक पत्नी, एक नाराज कन्या व एक अष्टवर्षीय चिरंजीव, जांभया देत प्रकट होते. कचेरीत या गृहस्थाचा शब्द बहुधा शिपाईही मनावर घेत नसावा. परंतु समोर ९१७ मीटर उंचीचा ट्रव्हॅन दिसला, की त्याच्या ठायी सुप्त असलेले सेनापतित्व खडबडून जागे होते.

जवळच्या स्नोडन शिखरावर १८९६ पासून आगगाडी जाते आणि वर चहाही मिळतो, ही माहिती पत्नीने मोटारीतच दबक्या आवाजात हुजुरांपुढे ठेवलेली असते. तो अर्ज तत्काळ नामंजूर होतो. तिकीट काढून शिखर गाठणे या गृहस्थाच्या धर्मशास्त्रात बसत नाही.

ट्रव्हॅनच्या उत्तर धारेवर मात्र सरळ अशी एक वाट नाहीच. शिळांवरून, घळींतून, हातापायांचा सारखाच उपयोग करीत ज्याने त्याने आपापला मार्ग शोधावा, अशी तेथली वहिवाट असल्यामुळे, नकाशावर अढळ निष्ठा ठेवणाऱ्या पुरुषाची तेथे मोठी पंचाईत होते. वाट चुकली असे तो कदापि म्हणत नाही. तो थांबतो, क्षितिजाकडे पाहतो (क्षितिज ढगात असते), आणि १९५३ च्या एव्हरेस्टवीरांनी याच डोंगरांत सराव केला होता, हा इतिहास धीरगंभीर स्वरात कथन करू लागतो. अनुभवी कुटुंब ‘एव्हरेस्ट’ हा शब्द कानी पडताच काय ते समजते, निमूटपणे खडकावर बसते आणि थर्मास उघडते. पाऊस ‘आता उघडेल’ आणि शिखर ‘त्या खडकापलीकडेच आहे’, ही त्याची दोन फर्माने दिवसभर जारी असतात. त्यांची अंमलबजावणी मात्र निसर्गाकडून होत नाही.

चिरंजीव दरम्यान तेथल्या रानबोकडांच्या संगतीने केव्हाच माथ्यावर पोहोचलेले असतात. माथ्यावर ॲडम आणि ईव्ह नावाच्या दोन उभ्या शिळा आहेत. एकीवरून दुसरीवर उडी घेणाऱ्यास ट्रव्हॅनची सनद मिळते, असा तेथला संकेत आहे. गिरिनायक त्या शिळांचे सविस्तर निरीक्षण करतात आणि दगड ओले असल्याचे जाहीर करतात. वेल्समध्ये ही सबब बारमाही चालते.

वाचकांपैकी कोणी त्या बाजूस गेल्यास आणि धारेवर हा गृहस्थ भेटल्यास, त्याला वाट दाखविण्याच्या भरीस पडू नये. उलट त्यालाच वाट विचारावी, तो सांगेल ती आदरपूर्वक ऐकून घ्यावी, आणि मग चिरंजीव ज्या दिशेने गेले असतील त्या दिशेने चालू लागावे.