शुगरची पट्टी

आमच्या आणि अक्काच्या घरामधली भिंत छातीएवढी. तिच्यावरून आजवर वाटीभर साखर, मेथीची जुडी, पेपर आणि निम्म्या उमरग्याच्या बातम्या इकडून तिकडे गेल्या. परवा सकाळी अक्का दोन्ही कोपरं टेकून उभी राहिली, तेव्हाच ओळखलं, आज मामला मोठा आहे.

"नात लातूरहून आलीय. रात्रभर बापाशी भांडायली," ती म्हणाली. "ती म्हणती बायोकेमिस्ट्री, ह्यो म्हणतो बायोइंजिनिअरिंग. दोन्हीत बायो हाय, मग भांडण कशाचं? तूच सांग बाई, तुझी हयात लॅबमधी गेली."

माझी हयात लॅबमध्ये गेली म्हणजे मी तीस वर्षं लोकांचं रक्त काढलं, एवढंच. पण गल्लीत मी शास्त्रज्ञ.

"अक्का, तुमचं शुगरचं मशीन आणा."

आणलं. डबीतली एक पट्टी मी उन्हात धरली.

"ह्या टोकाला एक एन्झाइम असतं, ग्लुकोज ऑक्सिडेझ. एवढ्या रक्तातून ते नेमकं ग्लुकोज धरतं. ते तसंच का धरतं, कसं धरतं, हे खोदत बसायचं, ते नातीचं. आणि तिथं निघालेला इवलासा करंट मोजून म्हातारीच्या हातात १८६ आकडा देणारं, परवडणारं यंत्र घडवायचं, ते तुमच्या लेकाचं."

"१८६ नव्हता, १७२ हुता."

"काल आंबा खाल्ला?"

"एकच फोड." मग घाईघाईनं, "हे सुचलं कुणाला म्हणायचं?"

"लेलंड क्लार्क म्हणून अमेरिकेतला माणूस. १९६२ साली. शिकलेला बायोकेमिस्ट्रीच."

"म्हंजे नात जिंकली!"

"पण साधनं घडवायचा नाद त्यालाच होता."

"मग बाप जिंकला का?" अक्का वैतागली.

लेकाचंही चुकत नाही. तो कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे. मळीत यीस्ट घातलं की अल्कोहोल होतं, हे आपल्याकडं पोराटोरांना ठाऊक. पण यीस्ट काम करताना उष्णता सोडतं, आणि टाकी फार तापली की ते आधी मंदावतं, मग मरतं. दुधाच्या पातेल्यात जमणारी गोष्ट लाखभर लिटरच्या टाकीत जमत नाही. तिथं गार पाणी किती फिरवायचं, ढवळायचं किती, याचं गणित लागतं. त्यानं ते रात्रपाळीत सोसलंय. "यीस्टच्या पोटात काय चाललंय त्यानं पगार होत नसतो," हे त्याचं वाक्य भिंतीपलीकडून मीही ऐकलं होतं. मला विचाराल तर पगार त्यानंच होतो. पण हे त्याला सांगायला माझी छाती नाही.

"आणि बायोकेमिस्ट्री करून पोरगी करणार काय?" अक्का म्हणाली.

मी दुर्गाबाई भागवतांच्या बहिणीची गोष्ट काढली. कमला सोहोनी. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटून बसली, तेव्हा वर्षभराच्या अटीवर घेतलं. पुढं केंब्रिजला गेली, बटाट्यावर काम करताना तिला वनस्पतींत सायटोक्रोम सी सापडलं आणि १९३९ साली पीएच.डी. घेऊन आली. नंतर मुंबईत नीरेवर संशोधन केलं.

"बटाट्यावर पीएच.डी.?" अक्काला बाकी काही पटलं नसलं तरी हे फार आवडलं.

"पण नुसत्या बी.एस्सी.वर थांबून चालायचं नाही. पुढं एम.एस्सी. धरूनच चालायचं. त्यासाठी जॅमची परीक्षा असती. मुंबईच्या आयआयटीत तर बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंग एकाच खात्यात नांदतात. गणित ठेवलंय ना तिनं?"

"ठेवलंय की. तिच्या मैत्रिणींनी सोडलं. क्रॉप सायन्सला मार्क पडतात म्हणं."

खरा निकाल तिथंच लागतो. लातूरला अकरावीत पाय ठेवला की पीसीबी का पीसीएम, आणि डोळ्यांपुढं फक्त नीट. नीटमध्ये गाडी अडली की मग पोरी बायोइंजिनिअरिंगचा विचार करतात, तेव्हा इंजिनिअरिंगची सीईटी पीसीएमची निघते. लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाचं कॉलेज आहे, जीवशास्त्रवाल्यांना तिकडं वाट असते. पण ते आधी सांगतो कोण? अक्काच्या नातीकडं दोन्ही वाटा शिल्लक आहेत, म्हणून निदान भांडण तरी आहे. तिच्या मैत्रिणींच्या घरी रात्री सामसूमच असणार.

"फी कुठं कमी?"

"बी.एस्सी.ला. पण आता तिथंही मेजर-मायनर आलंय. ऑनर्स करायचं तर चार वर्षं."

"म्हंजे वर्षं सारखीच," अक्कानं हिशेब मिटवला. "मग तिला सांगू काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नातच ब्रश करत बाहेर आली. मशीनशेजारी अक्कानं सकाळी वापरलेली पट्टी पडली होती. तिनं ती उचलली, नखानं टोक सोलायला लागली.

"काय करायलीस गं?"

"आत किती थर हायेत बघायलेय, आज्जी."

"बघ," अक्का माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "खोदायलीय. नातीचंच खरं."

मी हो म्हणेपर्यंत पोरीनं मशीन उलटं करून त्याचा सेलही काढला होता.