माझं पासिंग

शेजारच्या काळी-पिवळी जीपचं पासिंग आलं की आमच्या आळीत लगीनघाई सुरू होते. आदल्या दिवशी जीप बोअरच्या पाण्यानं न्हाते. खर्डीहून वायपर येतात, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या येतात. वर्षभर एकच डोळा मिचकावत फिरलेली ती म्हातारी दोन्ही दिवे टक्क उघडून उभी राहते. मालक रात्रभर गाडीखाली आणि त्याची बायको टॉर्च धरून गाडीबाहेर. भाड्याच्या गाडीला आठ वर्षं झाली की कायद्यानं हे पासिंग, म्हणजे गाडीची तपासणी, दरवर्षी करावी लागते. ती हाकणाऱ्याचा परवाना मात्र पाच वर्षांनी एकदा तपासला की झालं. म्हणजे पाच वर्षांत गाडीची पाचदा झडती आणि ड्रायव्हरची एकदा.

माझं पासिंग गेल्या चैत्रात झालं. त्याला दीड मिनिट लागलं.

साठी भरली आणि परवान्याची मुदत संपली. चाळिशी उलटलेल्या माणसाला परवाना वाढवून घ्यायचा तर डॉक्टरचा दाखला लागतो, नमुना १-अ. चष्म्याला ‘चाळिशी’ हे नाव ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी मोटार वाहन कायदा मोटारी यायच्या आधीच वाचला असावा. दाखल्यासाठी तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. त्याला मी एके काळी पाढ्यांत नापास केलं होतं.

“सर, नीट दिसतं ना?”

“दिसतं.”

“ऐकायला येतं?”

“काय?”

तो मनापासून हसला. गुरुजींनी गंमत केली असं त्याला वाटलं. मी गंमत केली नव्हती. पण तोवर शिक्का उमटला होता.

घरी ओटीवर बसून मी तो कागद पहिल्यांदा वाचला. आयुष्यभर पोरांना ‘आधी प्रश्न वाचा, मग उत्तर लिहा’ म्हणून ओरडलो आणि स्वतः मात्र निकाल लागल्यावर प्रश्नपत्रिका उघडली. प्रश्न साधे होते. पंचवीस मीटरवरून, स्वच्छ उजेडात, गाडीच्या पाटीवरचा नंबर वाचता येतो का? लाल आणि हिरवा ओळखू येतो का? रातांधळेपणा आहे का? सोबत नमुना १, म्हणजे आपलं आपणच द्यायचं प्रतिज्ञापत्र. त्यात फीट किंवा चक्कर येते का, असा प्रश्न. तिथे ‘नाही’वर माझी खूण. अक्षर मात्र मोत्यासारखं.

मास्तरकीची खोड जात नाही. म्हटलं, पेपर पुन्हा सोडवू. पण पंचवीस मीटर मोजायचे कशानं? पत्नीनं ट्रंकेतून आईची तीन लुगडी काढली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला जरा कमी. तीन लुगडी टोकाला टोक लावून अंगणातून रस्त्यापर्यंत अंथरली, वर दीड वीत धरली, आणि पंचवीस मीटर भरले. पलीकडे शेजाऱ्याची जीप होती. मी छाती काढून तिचा नंबर घडाघडा वाचला.

“बरोबर,” पत्नी म्हणाली.

“आजी, तू पाटीकडे बघितलंसच कुठे?” नात म्हणाली. सुट्टीला आलेली, आठवीतली. “हा नंबर तर तुम्हाला दोघांना पाठच आहे.”

खरंच होतं. गावात कुठली गाडी कोणाची हे हॉर्नवरून कळतं. पाटी वाचतो कोण? मग परक्या गाड्या हव्यात म्हणून नातीनं मला नाशिक हायवेच्या कडेला नेऊन उभं केलं. ढाब्यापुढे ट्रकांची रांग होती. पहिल्याच ट्रकवरचं मी ठणकावून वाचलं, “हॉर्न ओके प्लीज!”

“आजोबा, ते आंधळ्यालाही वाचता येतं. नंबर सांगा.”

सांगितला. चारपैकी दोन आकडे बरोबर आले. पन्नास टक्के. शाळेत इतक्यावर मी पोरांना वर घालत असे, पण शाळेत पोरं कंटेनर चालवत नसत.

मग एकेक आठवत गेलं. दोन वर्षं मी समोरच्या गाड्यांच्या एलईडी दिव्यांना शिव्या देत होतो. प्रत्येक दिव्याभोवती चंद्राला पडतं तसं खळं दिसायचं. ते खळं दिव्याला नव्हतं, माझ्या मोतीबिंदूला होतं. आणि चक्कर? त्याआधीच्या आषाढी एकादशीला साखरेची गोळी नेमानं घेतली, उपवास त्याहून नेमानं धरला, आणि कसाऱ्याला निघालो. वाटेत हाताला कंप सुटला, सदरा घामानं चिंब झाला, रस्ता झोपाळ्यासारखा हलायला लागला. कशीबशी गाडी कडेला घेतली. सोबतच्या भाच्यानं राजगिऱ्याचे दोन लाडू तोंडात कोंबले तेव्हा रस्ता जागेवर आला. त्या रक्तातल्या साखरेच्या घसरणीला मी घरी ‘विठ्ठलानं सांभाळलं’ म्हणालो. ‘गोळी घेतली, खाल्लं नाही’ असं म्हणालो असतो तर पत्नीनं सांभाळलं नसतं.

गाडीचं दुखणं मात्र मला आवाजावरून कळतं. घाट न्यूट्रलमध्ये उतरवून डिझेल वाचवणाऱ्या ट्रकवाल्यांना मी सांगत आलोय की बाबा, इंजिनाचा लगाम सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. स्वतः मात्र सर्दीची गोळी घेऊन, पापण्या न्यूट्रलमध्ये टाकून, मी भिवंडीपर्यंत जाऊन आलेलो आहे.

आमच्या दारावरून लोकल जाते. आमचं उंबरमाळी स्टेशन म्हणजे कसाऱ्याच्या अलीकडचा थांबा. लोकलच्या मोटरमनला ‘मला दिसतं’ एवढं म्हणून भागत नाही. ठरावीक मुदतीनं डोळे तपासतात, रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायला लावतात. ते ठिपके इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरनं 1917 साली काढले. लाल-हिरव्याची गल्लत होणाऱ्याला त्यात भलताच आकडा दिसतो, नाहीतर काहीच दिसत नाही. कसाऱ्यापुढे तर रेल्वे इंजिनावरही भरवसा ठेवत नाही. सदतीस फुटांना एक फूट असा चढ. म्हणून इगतपुरीपर्यंत मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. एवढं मोठं धूड ‘मला जमत नाही, मागून हात द्या’ असं रोज कबूल करतं, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. मला मात्र ‘रात्रीची गाडी नको’ एवढं म्हणायला साठ वर्षं लागली.

शेवटी पत्नीच माझी बँकर झाली. मागून ढकलत तिनं मला डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत नेलं. हा डॉक्टर माझा विद्यार्थी नव्हता, त्यामुळे तपासणी नीट झाली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्यानं दुसऱ्याचं. गाडीच्या कप्प्यात लाडवांचा डबा आला. कानांचं पुढच्या महिन्यात बघू, असं पत्नी म्हणाली. मला ते स्पष्ट ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी गाडीची परवानगी दिली त्या दिवशी तीच तीन लुगडी पुन्हा अंथरली. उभा राहिलो आणि जीपची पाटी वाचली. शेवटच्या आकड्यावर अडलो. डोळे चोळले, पुन्हा वाचली. तो तीन नव्हता, आठ होता. दहा वर्षं मी तीन म्हणत आलो होतो आणि माझं ऐकून घरानंही तीनच पाठ केला होता.

जीपवाला चाकाला पाणी मारत होता. त्याला म्हटलं, “अरे, तुझ्या गाडीचा नंबर आठ आहे!”

“मग, मास्तर,” तो म्हणाला, “पाहुण्यांना फोनवर तीन सांगून कसाऱ्याला दुसऱ्याच जीपमध्ये बसवून देणारे तुम्हीच होय?”