नुसता फ्लॅश

"हासू नोका."

आमच्या पिढीला शाळेनं जन्मतारीख दिली, १ जून. चेहरा दिला तो फोटोवाल्या भाऊंनी. पांढरकवड्याच्या बाजारात कापडवाला आणि बियाणंवाला यांच्या मधल्या बोळीत त्यांचं दुकान होतं. भाऊंना नाव होतं, पण ते फक्त लाइट बिलावर. बाकी तालुक्यासाठी ते फोटोवाले भाऊ, आणि तालुक्यात कोणी कसं दिसायचं हे ठरवणारे एकमेव अधिकारी.

पाटीवर 'फोटो स्टुडिओ व कॅमेरा हाऊस' असं होतं. हाऊस म्हणजे एक काचेचं कपाट. त्यात बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक-थ्री, जाहिरातीत 'खटॅक' करणारा हॉट शॉट, उटीच्या सरकारी कारखान्यातल्या 'इंदू' रोलची रिकामी खोकी आणि एक मेलेली पाल. कपाटातलं काही विकलं गेल्याचं मला आठवत नाही. कोणी भाव विचारलाच तर भाऊ चष्म्यावरून बघत. "घ्याचा हाय का नुसता पाहाचा?" गिऱ्हाईक घ्यायचा म्हणालं तर आणखी पंचाईत. "याच्यात बारा फोटो निघते. बाराही बिघडले तं मंग मले म्हणशीन." ज्यानं कॅमेरा नेला तो परत फोटो काढायला येत नाही, एवढं अर्थशास्त्र भाऊंना पक्कं ठाऊक होतं.

खरी सत्ता पडद्यामागे. भिंतभर पडद्यावर दल सरोवर रंगवलेलं, त्यात शिकारा, मागे बर्फाचे डोंगर. समोरच्या स्टुलावर मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, घामानं निथळणारा आपला माणूस. पंखा होता, पण लावायची सोय नव्हती. वाऱ्यानं पडदा फडफडे आणि भाऊ ओरडत, "बंद करा, तळं हालून राह्यलं!"

खुंटीला एक कोट होता, एकच. अंगाला मोठा झाला तर भाऊ पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावत, लहान झाला तर पाठीची शिवण उसवलेलीच होती. लग्नाच्या बाजारात पाठवायचा फोटो याच कोटात निघे. तालुक्यातले निम्मे जावई त्या एका कोटातून पास झालेले आहेत. एकदा मारेगावच्या एका मुलीच्या बापाकडे तीन स्थळांचे फोटो आले. तिघेही त्याच कोटात, त्याच शिकाऱ्यात. त्यांना वाटलं, एकाच मुलाचे तीन फोटो आहेत.

भाऊंचा स्टुडिओतला कॅमेरा यशिकाचा, दोन भिंगांचा. त्याच्यात वरून वाकून बघावं लागे, त्यामुळे फोटो काढताना भाऊ आपल्याला नमस्कार करताहेत असा भास होई. तो तेवढ्यापुरताच. त्या काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं. भाऊंना त्याची सवय झाली होती की नव्हती कोण जाणे, पण "मान डावीकडं... तिकडं नाही, माह्या डावीकडं... आता तुह्या" असं करत ते येऊन हनुवटी दोन बोटांत धरत आणि नळाची तोटी फिरवावी तशी मान फिरवून जात. त्या अवघडलेल्या मानेनं आम्ही दहावीचा फॉर्म भरला, शिष्यवृत्तीचा भरला, पुढे नोकरीचाही.

रात्री निगेटिव्हवर काम चाले. लांब टोक केलेल्या पेन्सिलीनं भाऊ चेहऱ्यावरचे डाग भरत. निगेटिव्हवर शिसं लागलं की छापलेल्या फोटोत ती जागा उजळते. मुरूम गेले, सुरकुत्या गेल्या. उलट मिशी हवी असेल तर ती छापलेल्या फोटोवर ब्रशनं. मुरूम घालवायचे पैसे ते घेत नसत. मिशीचे मात्र वेगळे घेत. वापरून झालेल्या हायपोत फोटोतली चांदी उतरते, म्हणून ते पाणी एका कॅनमध्ये जपून ठेवलेलं. "लोकायचा काळेपणा धुतला का चांदी निघते," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या चांदीतून काकूंना आयुष्यात एक जोडवं झालं. दुसऱ्यासाठी कॅन भरत होता.

भाऊंचं मोठेपण पाहायचं तर लग्नाच्या मांडवात. आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त पत्रिकेत निघे, पण त्याला वजन कापसाच्या चुकाऱ्यानं येई. १९७२ पासूनची सरकारी एकाधिकार खरेदी, कापूस मोजून झाला तरी पैशाची वाट पाहायची. भाऊंच्या वहीत सगळ्या उधारीपुढे एकच तारीख, 'चुकारा आल्यावर'. अशा लग्नात रंगीत रोल दोन, म्हणजे छत्तीस दुणे बहात्तर फोटो. धुवायला दीडेकशे किलोमीटरवर नागपूरला, एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती. आणि फोटोत यायला हक्कानं उभे असलेले नातेवाईक किमान दोनशे.

१९८८ साली चुलतबहिणीच्या लग्नात मला भाऊंचा फ्लॅशचा जादा दिवा धरायला लावलं होतं. त्यामुळे मी त्यांच्या खांद्याजवळ. पेंटॅक्सच्या काउंटरवर २२ आकडा. वर्ध्याचे आतोबा फेटा सावरून नवरानवरीशेजारी उभे राहिले. लखकन उजेड पडला. आकडा २२. विहीणबाईंचा सात जणींचा घोळका, लख्ख. २२. सरपंच, लख्ख. २२. मग माझं लक्ष भाऊंच्या अंगठ्याकडे गेलं. तो शटरवर नव्हताच. फ्लॅशगनच्या मागे तपासणीचं एक बारकं बटण असतं, त्याच्यावर होता. फ्लॅश पुन्हा चीं करत भरत होता, नारिंगी दिवा लागत होता, आणि भाऊ गंभीर चेहऱ्यानं पुढच्या आत्याला सांगत होते, "हासू नोका."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मांडीला चिमटा बसला. जेवणाच्या पंगतीत त्यांनी मला खुलासा केला. "अबे, लग्नात माणसाले फोटो नाही लागत, मान लागते. मान द्याले रोल कायले जाळाचा?" स्टुडिओत मान फिरवायची आणि मांडवात मान द्यायची, दोन्ही कामं त्यांच्याकडेच.

महिन्याभरानं अल्बम आला. आतोबांनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला, पारदर्शक कागद उचलून खाली पाहिलं. भाऊंचं उत्तर तयार होतं. "तुमच्याच फोटोले उजेड लागला." नजर लागावी तसं म्हणाले. आतोबा जरा सुखावलेही.

अमेरिकेत १९७५ सालीच कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरनं रोलशिवाय चालणारा कॅमेरा केला होता. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. कोडॅकनं तो कॅमेरा गुंडाळून ठेवला आणि २०१२ साली स्वतःच दिवाळं जाहीर केलं. हे मी भाऊंना सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "तेवीस सेकंद? मले मानच सरळ कराले पाच मिनिटं लागते."

आता कपाटाच्या जागी झेरॉक्सचं मशीन आहे. टिपेश्वरला वाघ पाहायला निघालेले लोक हातभर लांब लेन्स गळ्यात घालून कधी मेमरी कार्ड विचारायला थांबतात. भाऊ त्यांना एकच प्रश्न विचारतात, "वाघाले हालू नोको म्हणता का?" पासपोर्टच्या फोटोत हसायचं नाही असा आता नियमच असल्याचं कळल्यापासून तर त्यांचा ताठा वाढला आहे. सरकारनं उशिरा का होईना ऐकलं, असं त्यांचं मत.

गेल्या वर्षी त्याच चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न झालं. मांडवावर घोंघावत ड्रोन आला. पोरं हात हलवायला लागली. आतोबा आता ऐंशीच्या पुढे. त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत फेटा सावरला, मान डावीकडे केली, ओठ मिटले. ड्रोन पुढे सरकला तसे माझ्या कानाशी वाकले.

"याच्यात रोल हाय ना?"