दोन सेकंदवाले भाऊ

भाऊ वर्ध्याला सेवाग्राम रोडवर घरूनच काम करतात; कंपनी पुण्याची. रिॲक्टमधली स्क्रीन झकास लिहितात. पण तिची युनिट टेस्ट लिहायला बसले की एकच मंत्र: "दोन सेकंद थांब न बाप्पा, येते."

बटण दाबलं की यादी यायला क्षणभर लागतो. ती आली का, हे पाहण्याआधी भाऊ सेटटाइमआउट टाकून टेस्टला झोपवतात. टेस्ट लाल झाली की म्हणतात, "नेट स्लो असन." आता, टेस्टमध्ये नेट असतंच कुठे? सर्व्हरचं उत्तरही भाऊंनीच लिहून ठेवलेलं. तरी दोनाचे तीन होतात, तिनाचे सहा. जेस्टचा मूळचा नियम 5 सेकंदांचा; तो टेस्ट तोडून टाकतो. मग भाऊ जेस्टलाच 30 सेकंदांची मुदतवाढ देतात. अशा तीनशे टेस्ट, प्रत्येकी दोनच सेकंद धरा, तरी दहा मिनिटं नुसती वाट पाहण्यात. तेवढ्यात भाऊंचा चहा आणि गोरसपाक उरकतो. एखादी लाल निघालीच, तर "पुन्हा चालवून पाय, होते पास." आणि होते हो, हाच तर ताप आहे!

जिथे खरंच थांबायचं, तिथे मात्र भाऊ अवेट लिहायला विसरतात. मग यादी यायच्या आत टेस्ट संपते, काही तपासलं जात नाही आणि निकाल हिरवागार. भाऊ खूश.

टीममध्ये हिंगणघाटची एक पोरगी आली. म्हणाली, "भाऊ, घड्याळ नका पाहू, स्क्रीन पाहा. फाइंडबायटेक्स्ट लावा. ते एक सेकंदापर्यंत पुन्हापुन्हा पाहत राहते, दिसलं की लगेच पुढे." टाइप करणं थांबल्यावर शोध घेणाऱ्या खिडकीसाठी तिनं जेस्टचं खोटं घड्याळ दाखवलं, त्यात वेळ आपणच पुढे ढकलायचा. भाऊ दचकलेच. 1936 साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले आणि कमरेच्या घड्याळावर दिवस चालवायचे, हे शाळेपासून ऐकलेलं. "सेवाग्रामात खोटं घड्याळ? काहून बे?"

हेच भाऊ त्या पोरीला वर्ध्याच्या स्टँडवर सोडायला जातात, तेव्हा हिंगणघाटची बस हलल्याशिवाय गाडीला किक मारत नाहीत. पाच मिनिटं लागोत की तासभर. तिनं खिडकीतून सांगूनही पाहिलं, "भाऊ, टेस्टमध्ये हेच लिहायचं असते."

"ते वेगळं असते पोरी. तू बस नीट."

तुमच्या टीममध्ये असे भाऊ असतील, तर त्यांचे दोन सेकंद जरूर काढा. पण चारचौघांत नको, आणि काढण्याआधी त्या ओळीला अवेट आहे ना, तेवढं पाहून घ्या.