मालकाचा पासपोर्ट कोण बघतो?

राष्ट्रवाद हा इतरांना होणारा आजार आहे, अशी कॅनडातल्या आम्हा डाव्यांची पक्की समजूत. झेंडे नाचवतात ते शेजारचे अमेरिकन. आपण फक्त एवढंच सांगतो की आमच्याकडे दवाखान्यात बिल येत नाही आणि रांगेत कुणी घुसत नाही. सांगतो म्हणजे, येता-जाता सांगतो. नम्रतेचा इतका डंका पिटणारी दुसरी जमात मला ठाऊक नाही, आणि त्या डंक्यावर माझी टिपरी बऱ्यापैकी जोरात पडते. राष्ट्रवादाचे अभ्यासक मायकेल बिलिग यांनी १९९५ साली लिहून ठेवलं की राष्ट्रवाद आवेशाने फडकवलेल्या झेंड्यापेक्षा, इमारतीवर नुसत्या लटकणाऱ्या, कुणाचं लक्षही जात नाही अशा झेंड्यात जास्त मुरलेला असतो. आम्ही विद्वत्तापूर्ण माना डोलावल्या आणि टिम हॉर्टन्सच्या लाल कपातून घोट घेतला.

त्या कपावर जरा रेंगाळतो, कारण या विषयावर मला थांबवणं कठीण आहे. १९६४ साली हॅमिल्टनमध्ये टिम हॉर्टन या हॉकीपटूच्या नावाने डोनटचं दुकान निघालं. दहा वर्षांनी तो मोटार अपघातात गेला. नाव मात्र राष्ट्रीय दैवत झालं. १९९५ मध्ये हे दैवत वेंडीज या अमेरिकन बर्गरवाल्यांच्या घरी नांदायला गेलं, पुढे काडीमोड झाला, आणि २०१४ मध्ये त्याचा बर्गर किंगशी पाट लागला, तोही ब्राझिलियन गुंतवणूकदारांच्या मांडवाखाली. भक्तांची रांग तसूभर हलली नाही. बिअरचंही तेच. २००० साली मोल्सनच्या जाहिरातीत जो नावाच्या साध्यासुध्या गड्याने आपण कॅनेडियन असल्याची गर्जना केली, देश गहिवरला. २००५ मध्ये मोल्सन अमेरिकेच्या कूर्समध्ये विलीन झाली. नव्या प्लास्टिकच्या नोटांवर छापलेलं मेपलचं पान तर नॉर्वेच्या मेपलसारखं दिसतं, असं वनस्पतीशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. बँक ऑफ कॅनडाचं म्हणणं पडलं, पान शैलीबद्ध आहे, कुठल्या एका जातीचं नाही. राष्ट्रवादाची इतकी नेमकी व्याख्या बिलिग यांनाही जमली नाही.

भांडवल कुठूनही आलं तरी कॉफी आपलीच, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या भागाला. मालक ब्राझीलचा आहे का, हे न विचारणारं गिऱ्हाईक काउंटरमागच्या पंजाबी किंवा फिलिपिनो मुलीला मात्र ती कुठली, हे हमखास विचारतं. घरभाडी वाढली की बोट तिच्याकडे. एका तळघरात पाच-सहा विद्यार्थी कोंबून भाडं उकळणाऱ्याकडे नाही. ती पहाटेच्या पाळीला बर्फ तुडवत येते आणि हसून 'हॅव अ गुड डे' म्हणते, तेव्हा मला माझ्या देशाची खरोखर लाज वाटते. इथे विनोद सुचत नाही.

कुणी म्हणेल, बलाढ्य शेजारी कॅनडाला ५१वं राज्य म्हणतो, आयातशुल्क लादतो, तेव्हा लहान देशाने छाती काढायची नाही? जरूर काढावी. २०२५ च्या मार्चमध्ये ओंटारियोच्या सरकारी दुकानांतून अमेरिकन दारू उतरवली, ते मला आवडलंच. पण त्याच आवेशात एप्रिलच्या निवडणुकीत आम्ही डाव्या मतदारांनी थव्याने धाव घेतली ती दोन मध्यवर्ती बँकांचे माजी गव्हर्नर, लिबरल नेते मार्क कार्नी यांच्याकडे, आणि आमच्या डाव्या एनडीपी पक्षाचे खासदार उरले सात. संसदेत अधिकृत पक्ष म्हणवायला बारा लागतात. देशाची मालकी कुणाकडे, हा प्रश्न १९६९ पासून पक्षात रेटणाऱ्या 'वॉफल' गटाला १९७२ मध्ये ओंटारियोतल्या पक्षानेच बाहेरची वाट दाखवली होती, तेव्हा परंपरा जुनी आहे.

आणि ज्या मोफत उपचारांवर आमची मान ताठ, ते काही देशाच्या मातीत आपोआप उगवले नाहीत. १९६२ मध्ये सस्कॅचवनमध्ये योजना सुरू होताच २३ दिवस संपावर गेले ते कॅनडातलेच डॉक्टर. दवाखान्याबाहेरच्या औषधांचे पैसे बहुतेकांना आजही स्वतः किंवा विम्यातून भरावे लागतात; पण अमेरिकेकडे बघितलं की तेही विसरायला होतं. योजनेचे जनक टॉमी डग्लस २००४ मध्ये सीबीसी वाहिनीच्या मतदानात सर्वश्रेष्ठ कॅनेडियन ठरले. ते जन्मले स्कॉटलंडच्या फॉलकर्कमध्ये. आज ते काउंटरमागे उभे असते, तर त्यांचं वर्क परमिट वाढलं असतं की नाही सांगता येत नाही. पण ते मूळचे कुठले, हे कुणी विचारलं नसतं एवढं नक्की.